ऑफिसातले ४१ कॉम्प्युटर आणि बुधवारची सकाळ: तुमच्याकडे अपडेट कसे सांभाळता?

लेजरवाली | बुधवार, रात्री ९:५२

मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

भोसरी एमआयडीसीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी अकाउंट्स बघते. आमच्याकडे आयटीचं वेगळं खातं नाही. आधी एक मुलगा होता. तो दुसरीकडे लागला आणि जाताना पासवर्डची वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. तेव्हापासून कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्याकडे येतं. शिकायची माझी तयारी आहे, पण विचारायला जवळ कोणी नाही.

आज सकाळी साडेनऊला सगळ्यांनी मशीन चालू केली आणि दहाच्या सुमारास नेट बसलं. गेटवर गाडी भरून उभी, ताडपत्री बांधून झालेली, आणि ई-वे बिलाचं पोर्टल उघडेना. ड्रायव्हर तीनदा आत येऊन गेला. डिस्पॅचच्या काकांनी वैतागून मशीन रीस्टार्ट केलं, तर निळ्या पडद्यावर ‘अपडेट सुरू आहे, ३४ टक्के, कॉम्प्युटर बंद करू नका’. ते ३४ वरून ३५ व्हायला चहा पिऊन झाला. राउटरपाशी जाऊन बघितलं तर दिवे नुसते फडफडत होते. नेट गेलेलं नव्हतंच, आमचीच मशीन एकदम अपडेट खेचत होती. गाडी निघाली एक वाजून दहा मिनिटांनी.

साहेबांनी सांगितलंय की आता सगळीकडचे अपडेट कायमचे बंद करा. मला ते पटत नाहीये, पण ‘मग दुसरं काय?’ याला माझ्याकडे उत्तर नाही.

आमची स्थिती: ५० एमबीपीएसची एक लाइन. २६ मशीन विंडोज ११, १४ मशीन विंडोज १०, आणि शॉपफ्लोअरवर एक जुनं विंडोज ७, जे एका मशिनिंग सेंटरला (सुटे भाग कापणाऱ्या यंत्राला) प्रोग्रॅम पाठवतं. नऊ मशीनवर होम आवृत्ती आहे, बाकी प्रो. डोमेन, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायची सोय, नाही. सर्व्हर म्हणजे अकाउंट्सचा डेटा असलेलं एक साधं डेस्कटॉप.

---

खटपट्या | बुधवार, रात्री १०:२०

ताई, साहेबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, पाच मशीन. मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर, चालतं. एका मोठ्या अपडेटनंतर डोंगल ओळखलाच जाईना, आणि लग्नसराईत चार दिवस पत्रिकांचं काम अडलं. तेव्हापासून सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेट बंद केलेत. चार वर्षं झाली, काही बिघडलं नाही. ज्याचं पोट त्या मशीनवर आहे त्याला चालू असलेलं चालू ठेवायचं असतं.

---

रॅकमधला_पंखा | बुधवार, रात्री ११:४५

लेजरवाली ताई, सविस्तर लिहितो. नाशिकला १२ वर्षं हेच काम करतोय.

खटपट्या, तुमचं नुकसान खरं आहे, आणि अपडेट डोळे झाकून घ्यावेत असं मी म्हणणार नाही. पण २०१७ आठवा. १४ मार्चला मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगमधलं एक भोक बुजवणारं अपडेट काढलं. १२ मे रोजी वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत ठरलेल्या तपासण्या रद्द कराव्या लागल्या. मधे ५९ दिवस होते. ज्यांनी ते अपडेट लावलं त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही. शिवाय तो कोणी लिंक उघडायची वाट बघत नव्हता. नेटवर्कवर एक मशीन सापडलं की शेजारच्यात आपणहून जात होता. पाच मशीनच्या दुकानात तुम्ही वाचलात. पण ४१ मशीन, त्यात शेअर केलेले फोल्डर आणि अकाउंट्सचा डेटा, म्हणजे एक घर पेटलं की आळी पेटणार.

आता आज सकाळचा हिशोब मांडू. एका मशीनचं अपडेट एक जीबी आणि जास्तीत जास्त सगळी ४१ मशीन धरली तर ४१ जीबी. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी. लाइनवर दुसरं काहीही नसलं तरी जवळजवळ दोन तास. हे आजच घडायलाही कारण आहे. मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा अपडेट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेतली त्यांची सकाळ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, तिकडे थंडी असली तर साडेअकरा. तेव्हा आपली ऑफिसं बंद असतात, म्हणून सगळा भार बुधवारी सकाळी एकदम पडतो. कॅलेंडरवर पुढच्या सहा महिन्यांचे दुसरे मंगळवार आत्ताच लाल करून ठेवा.

माझं मत सरळ आहे. सगळ्या मशीनना अपडेट एकाच दिवशी मिळता कामा नये. आधी पाच-सहा मशीन, ती आठवडाभर कामात वापरून बघायची, मग बाकीची. डोमेन नसतानाही हे जमतं. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसी असते, म्हणजे विंडोजचे नियम एका जागी ठरवायची सोय. तिथे महिन्याचे ‘क्वालिटी अपडेट’ ३० दिवसांपर्यंत पुढे ढकलता येतात आणि वर्षाचे मोठे ‘फीचर अपडेट’ ३६५ दिवसांपर्यंत. पहिल्या गटाला शून्य दिवस ठेवा, बाकीच्यांना सात. एका मशीनवर नीट लावून घ्या, मग रजिस्ट्रीतली (विंडोजची सेटिंग्ज जिथे साठतात त्या जागेतली) विंडोज अपडेटची पॉलिसीची शाखा एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हने बाकीच्यांवर न्या. होमवर ग्रुप पॉलिसी नसते, त्यामुळे ती नऊ मशीन तुम्हाला कायम दगा देतील. त्यांना प्रोची की घ्या, हा खर्च साहेबांकडून मंजूर करून घ्याच.

पहिल्या गटात कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. लोक सगळ्यात नवीन, चांगली मशीन निवडतात. त्याने काही कळत नाही. तुमच्याकडे जेवढ्या तऱ्हेची कामं आहेत त्या प्रत्येकातलं एक मशीन हवं. चलनाचा डॉट मॅट्रिक्स जोडलेलं एक, डिजिटल सहीचा टोकन लागणारं एक, वजनकाट्याची सिरियल वायर आलेलं एक, ड्रॉइंगवालं एक. आणि त्या खुर्चीवर अशी माणसं हवीत जी काही खटकलं की लगेच येऊन सांगतील, मनात ठेवणार नाहीत.

आता नेटचा भार. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नावाची सोय विंडोजमध्येच आहे. एका मशीनने उतरवलेलं अपडेट शेजारची मशीन ऑफिसच्या वायरीवरूनच घेतात, बाहेर जात नाहीत. ते ‘स्थानिक नेटवर्क’वर आहे ना बघा, आणि फायरवॉलमध्ये त्यासाठी लागणारं ७६८० पोर्ट (नेटवर्कचा दरवाजा) अडवलेलं नाही ना तेही बघा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उतरवलेल्या फायली मशीन डीफॉल्टने साधारण तीनच दिवस जपून ठेवतं. तुम्ही दुसरा गट आठवड्याने करणार, तोवर पहिल्या गटाकडचा साठा पुसलेला असेल आणि सगळं पुन्हा बाहेरून येईल. ती मुदत पॉलिसीतून १४ दिवस करा. कामाच्या वेळेत अपडेटने लाइनचा किती टक्के भाग वापरायचा, तेही तिथेच ठरवता येतं.

---

उरणकर | गुरुवार, सकाळी ७:१०

पंखा साहेबांनी २०१७ काढलं म्हणून लिहितोय. त्याच वर्षी २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला, तेव्हा न्हावा शेवाचं एक टर्मिनल बसलं होतं. ट्रेलरच्या रांगा आमच्याकडच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिल्या. तो आला कुठून, तर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या अपडेट सर्व्हरमध्येच घुसून विष कालवलं होतं. म्हणजे अपडेट घेणाऱ्यालाही मार बसला. आत शिरल्यावर तो वॉनाक्रायवालं जुनं भोक आणि मशीनमध्ये सापडलेले पासवर्ड, दोन्ही वापरून पसरला. एकच ॲडमिन पासवर्ड सगळ्या मशीनना असेल तर तो आजच बदला, ताई. अपडेटइतकंच ते गरजेचं आहे.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी ८:०५

१९ जुलै २०२४, शुक्रवार. एका सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर एकाच वेळी गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले, ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. मी पुण्यात हेल्पडेस्कला होते. रात्रपाळी संपवून घरी पोचले आणि तासाभरात परत बोलावणं आलं.

उपाय तसा छोटा होता. मशीन सेफ मोडमध्ये न्यायचं, एक फाइल उडवायची, पुन्हा चालू करायचं. पण डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद, म्हणजे आधी ४८ आकडी रिकव्हरी की द्यायची. सहा-सहा आकड्यांचे आठ गट मी फोनवर वाचून दाखवायचे आणि समोरच्याने टाइप करायचे. हडपसरच्या शाखेत एक मावशी होत्या, चष्मा घरी राहिलेला. तीन वेळा चुकलं. चौथ्यांदा त्यांनी आकडे आधी कागदावर लिहून घेतले, मला परत वाचून दाखवले आणि मग टाइप केले, तेव्हा उघडलं. पुढच्या सगळ्या फोनवर मी तसंच करायला सांगितलं. दिवसभरात आवाज बसला.

त्या दिवसाने मला दोन गोष्टी शिकवल्या. पायरीपायरीने जायचं हे फक्त विंडोजपुरतं नाही. अँटिव्हायरस, ब्राउझर, डिजिटल सहीचा ड्रायव्हर, अकाउंट्सचं पॅकेज, या प्रत्येकाचे स्वतःचे अपडेट वेगळे येतात. आणि प्रत्येक मशीनची रिकव्हरी की छापून कपाटात ठेवा. आज संध्याकाळी एक काम करा ताई: विंडोज ११ ची नवी मशीन बघा. त्यातल्या बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन (डिस्कचं तसंच कुलूप) आपोआप चालू झालेलं असतं आणि की पहिल्यांदा लॉगिन करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाते. तुमचा तो मुलगा स्वतःच्या खात्याने मशीन बसवून गेला असेल, तर की त्याच्याकडे आहे.

---

लेजरवाली | गुरुवार, दुपारी १:३०

रात्रपाळी ताई, तुमचं वाचून आज सुट्टी असून ऑफिसला आले. सात मशीन त्याच्या वैयक्तिक खात्यावर निघाली. फोन केला, त्याने बिचाऱ्याने लगेच सगळ्या की पाठवल्या. छापल्या, पाकिटात घातल्या, तिजोरीत ठेवल्या. तो भला निघाला म्हणून बरं.

इथे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. अपडेट गुरुवारी चालवले तर?

---

विद्युतप्रवाह | गुरुवार, दुपारी ३:१५

गुरुवार नको. तुमच्या भागात लाइनच्या दुरुस्तीची कामं गुरुवारीच निघतात. मी इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर आहे, तिथल्या बऱ्याच शेडमध्ये काम केलंय. सकाळी वीज गेली की दुपारपर्यंत परतीची खात्री नसते, आणि ऑफिसचे छोटे यूपीएस पंधरा मिनिटंही धरत नाहीत. अपडेट अर्ध्यात असताना वीज जाणं याच्याइतकं वाईट काही नाही. बुधवारी रात्री करा आणि बाराच्या आत संपवा.

---

रॅकमधला_पंखा | गुरुवार, संध्याकाळी ७:३०

हे उत्तम सुचवलंत. बुधवार रात्री ९ ही वेळ पॉलिसीत टाकता येते. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी पहिला गट, पुढच्या बुधवारी बाकीचे. गुरुवारची सुट्टी मधे असल्यामुळे काही बिघडलं तरी हाताशी एक दिवस राहतो.

लोकांना सूचना देताना शब्द नीट निवडा. ‘मशीन चालू ठेवा’ म्हटलं की लोक लॉगिन तसंच सोडून जातात, मग रीस्टार्ट अडतो आणि अर्धवट एक्सेलही जाते. ‘फाइल सेव्ह करा, साइन आउट करा, फक्त मॉनिटर बंद करा’ असं लिहा. दुसरं, बरेच जण रोज शट डाऊन करतात म्हणून त्यांना वाटतं की मशीन रोज ताजं सुरू होतं. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊनमध्ये विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो, पुरता बंद होत नाही. अपडेट पूर्ण व्हायला रीस्टार्टच लागतो.

विंडोज १० चं नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं. तुमची १४ मशीन टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि आठव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरच्या कसोटीत बसतात का बघा. बसली तर ११ वर न्या. नाही बसली तर कंपन्यांसाठी पैसे भरून वाढीव मुदत आहे: पहिल्या वर्षी दर मशीनला ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. जुन्या मशीनवर तेवढे घालण्यापेक्षा मी टप्प्याटप्प्याने मशीन बदलीन.

---

पतपेढी_रत्नागिरी | गुरुवार, रात्री ९:००

आमच्या सात शाखा, दोन ठिकाणी पावसाळ्यात लाइन धड नसते. आम्ही मुख्य शाखेत डब्लूएसयूएस, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट वाटणारा सर्व्हर, चालवतो. अपडेट एकदाच सर्व्हरवर उतरतो, आम्ही मंजूर करतो, मग शाखांना जातो. कोणत्या मशीनला काय लागलं, काय राहिलं, हे एका पडद्यावर दिसतं. ऑडिटला तेच दाखवतो.

पण ताई, ४१ मशीनसाठी आता नव्याने तो बसवू नका. २०२४ च्या सप्टेंबरमध्येच मायक्रोसॉफ्टने सांगितलं की त्यात आता नवीन काही येणार नाही. चालतो अजून, सर्व्हर २०२५ मध्येही आहे, पण त्याची निगा फार. बसवताना ड्रायव्हरच्या रकान्यावर टिक राहिली म्हणून आमची डिस्क भरली. मग कन्सोल उघडेना, कारण आयआयएस या विंडोजच्या वेब सर्व्हरमधल्या डब्लूएसयूएस पूलला मेमरीची जी मर्यादा असते, जवळपास पावणेदोन जीबी, ती पुरत नव्हती. ती वाढवली, जुने बाद झालेले अपडेट नाकारले, तेव्हा श्वास घेता आला. क्लोन करून (एकाच डिस्कची नक्कल करून) बसवलेली मशीन यादीत एक आलं की दुसरं नाहीसं व्हायचं, कारण सगळ्यांचा अपडेटचा ओळखक्रमांक एकच होता. तो रजिस्ट्रीतून काढून नव्याने घ्यावा लागला. हे शोधायला मला दोन आठवडे लागले, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आणि ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी ऑक्टोबर २०२५ चा तातडीचा पॅच लावला नसेल तर आधी लावा. २३ तारखेला आला होता. भोक असं होतं की लॉगिन न करताच बाहेरच्याला सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता यायचा. ८५३० आणि ८५३१ ही पोर्ट इंटरनेटला उघडी ठेवू नका.

---

खटपट्या | शुक्रवार, सकाळी १०:४०

५९ दिवसांचा हिशोब रात्रभर डोक्यात राहिला. पत्रिकेचं मशीन मी नेटवरून काढलं, ते आता एकटंच चालतं, फायली तपासलेल्या पेनड्राइव्हने नेतो. बाकी चार मशीनचे अपडेट चालू केले. एकाला चार वर्षांचं घ्यायला अख्खी दुपार लागली.

---

शाळेतले_सर | शुक्रवार, दुपारी १२:१५

लॅबमध्ये उबुंटू (लिनक्स) आहे, ३० मशीन. एका जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा अपडेट साठवून वाटणारा प्रोग्रॅम लावलाय. एकाने उतरवलं की बाकीच्यांना तिथूनच मिळतं. सुरक्षा अपडेट आपोआप रात्री होतात. लिनक्सवाल्यांना उपयोगी पडेल म्हणून सांगितलं.

---

लेजरवाली | सहा आठवड्यांनी, शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

कळवायचं राहिलं होतं. एक पूर्ण फेरी झाली.

आधी यादी केली. वही घेऊन प्रत्येक मशीनपाशी गेले आणि आवृत्ती, रॅम, कुठला प्रिंटर, कोण बसतं, हे लिहिलं. ४१ म्हणत होतो, निघाली ४३. एक गोडाऊनमध्ये पोत्यांमागे नेटवर्कला जोडलेलं चालू होतं, आत कोणीच बघत नव्हतं. दुसरं साहेबांच्या केबिनमधलं जुनं. दोन्ही बंद केली.

साहेबांना मी ‘अपडेट का हवेत’ हे समजावत बसले नाही. दोन तासांचा हिशोब आणि गाडी उभी राहिल्याचं भाडं एका कागदावर मांडून दाखवलं, आणि नऊ प्रोच्या की मागितल्या. मंजूर झाल्या. विंडोज १० पैकी सहा मशीन ११ वर गेली, आठ उरलीत, ती दर तिमाहीला दोन अशी बदलायची ठरलीत.

पहिल्या बुधवारी सहा मशीन. शुक्रवारी सकाळी डिस्पॅचचे काका स्वतःहून आले: चलन डॉट मॅट्रिक्सवर न येता पीडीएफमध्ये जातंय. डिफॉल्ट प्रिंटर बदलला होता, कारण ‘विंडोजने ठरवावा’ ही टिक चालू होती. काढली, चलन आलं. मग पुढच्या बुधवारच्या आधी बाकी सगळ्या मशीनवरची ती टिक काढून ठेवली. हेच एका सकाळी सगळीकडे झालं असतं तर पुन्हा गेटवर गाडी होती.

दुसऱ्या बुधवारी बाकीची मशीन. मी साडेआठला थांबले होते. तीन मशीन लोकांनी सवयीने बंद केली होती, ती चालू केली. सव्वाअकराला शेवटचं लॉगिनच्या पडद्यावर आलं. राउटरवर बघितलं, बाहेरून आलेला भार त्या दिवसाच्या मानाने फारच कमी होता, बहुतेक मशीनना आपापसातच मिळालं. १४ दिवसांची मुदत केली नसती तर हे झालं नसतं, पंखा दादा, मनापासून आभार.

---

रॅकमधला_पंखा | शुक्रवार, रात्री ८:५०

पोत्यांमागचं मशीन सापडलं हे ऐकून फार बरं वाटलं. ते विंडोज ७ चं काय केलंत?

---

लेजरवाली | शुक्रवार, रात्री ९:३५

मशिनिंग सेंटरवाल्यांनी सांगितलं की त्यांचा प्रोग्रॅम वरच्या विंडोजवर चालणार नाही. म्हणून त्याला ऑफिसच्या नेटवर्कवरून काढून वेगळा छोटा स्विच दिलाय. त्यावर फक्त ते, मशिनिंग सेंटर आणि ड्रॉइंगवाल्यांचं एक मशीन, जे आम्ही दुसऱ्या कशालाही जोडत नाही. त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवलीय. ती प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून खरंच चालू होते का, हे पुढच्या गुरुवारी बघणार आहे. विद्युतप्रवाह दादांना विचारलंय, त्या दिवशी आमच्याकडे दुरुस्ती नाही.